दोनच्या जागचं पोकळ टिंब

होळीच्या आगेमागे आठ-दहा दिवसांत आमच्या ग्वाल्हेरातल्या थाटीपुरच्या सरकारी क्वार्टर्समधले कडुनिंब रिकामे होतात. सकाळी झाडलेलं अंगण दहा वाजता पुन्हा पिवळं. पश्चिमेचा कोरडा वारा सुटतो, पानं सिमेंटवरून घासत जातात आणि पन्नास मुलांनी एकदम उत्तरपत्रिका उलटाव्यात तसा आवाज होतो. कोपऱ्यावर कुणीतरी हरभऱ्याचे ओले डहाळे जाळावर धरतो. इथे त्याला होरा म्हणतात. त्या करपलेल्या सालांचा वास खिडकीतून आत आला की समजायचं, परीक्षा आल्या.

शाळेत गणित शिकवायचो, निवृत्त होऊन मला अठरा वर्षं झाली. परीक्षा आता माझ्या नाहीत. शेजारी म्हणतात, सरांना जुने दिवस आठवत असतील, बरं वाटत असेल. बरं वाटत नाही. मला या महिन्याची भीती वाटते. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती का वाटते हे लिहून टाकायला बसलो आहे, कारण सांगण्याची जी एक जागा होती तिथे जाऊन आलो, आणि तिथे ते उतरलं नाही.

यंदा घरात परीक्षा आहे. माझी नात मनू बारावीला आहे. जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग तिने बळकावला आहे, तिथे पुस्तकं, मोबाईल, अर्धवट खाल्लेली काकडी आणि पेन्सिलीचा भुसा. गेल्या आठवड्यात दुपारी तिने हाक मारली.

"आजोबा, जरा हे बघा ना. इथे होल दाखवायचा आहे ना? माझी मैत्रीण म्हणते, कट गया तो खतम."

मी चष्मा लावून वही पुढे ओढली. तेच गणित. आकडेसुद्धा तेच.

ज्यांनी गणित कधीच मागे टाकलं त्यांच्यासाठी सांगतो, कारण याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. वर x² − 5x + 6 आणि खाली x² − 4. अशा फलनाचं शून्य कुठे आणि ते खंडित कुठे होतं, हे विचारलेलं असतं. आधी अवयव पाडायचे. वर (x − 2)(x − 3) मिळतं, खाली (x − 2)(x + 2). वर-खाली (x − 2) सारखा आहे, तो काटला जातो. उरतं वर x − 3, खाली x + 2. म्हणून शून्य एकच, तीन. उणे दोनपाशी छेद शून्य होतो, तिथे आलेख वर-खाली निघून जातो, तो तुटलेला सगळ्यांना दिसतो. आणि दोन? उरलेल्या राशीत दोन घातले तर निमूटपणे उणे एक चतुर्थांश येतं, काही बिघडलेलं दिसत नाही. पण मूळ राशीत दोन घालून पाहिले तर वरही शून्य, खालीही शून्य. तिथे फलनाला किंमतच नाही. म्हणून आलेखावर त्या जागी पोकळ टिंब काढायचं. रेघ दोन्ही बाजूंनी तिथपर्यंत येते, फक्त तो एक बिंदू तिच्यात नसतो.

मनूने ते टिंब टोकदार पेन्सिलीने, अगदी लहान काढलं होतं.

"मूळवाल्यात खाली झिरो येतो, म्हणून दोन चालणार नाही," ती म्हणाली. "कटलं तरी त्याच्यावर बंदी राहते. बरोबर ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

तिने वही ओढून घेतली आणि काकडी उचलली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. हे दोन शब्द मी चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलीला म्हणायला हवे होते.

तिचं नाव शैला इंगळे. मुरारहून सायकलने यायची. ग्वाल्हेरच्या मराठी लोकांत दोन घरं असतात हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आमचे पूर्वज दरबाराच्या दप्तरात आले, इंगळ्यांचे पलटणीतून. संक्रांतीला आम्ही एकमेकांकडे तिळगूळ द्यायला जायचो, जेवायला जायचो नाही. शैलाचे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि पडाव भागात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामाच्या किल्ल्या सांभाळायचे. रस्त्यात भेटले तर सायकलवरून उतरून नमस्कार करायचे. मी त्यांच्याहून वयाने लहान होतो, तरी.

शाळेत सगळं हिंदीत चालायचं. शैलाही वर्गात हिंदीच बोलायची, आणि तास संपल्यावर वऱ्हांड्यात गाठून मराठीत विचारायची, "सर, ते दुसरं उदाहरण पुन्हा सांगता?" वर्गात मराठी बोललं तर बाकीची मुलं 'घरवाली बात' म्हणून चिडवायची. त्यामुळे मराठी आमच्यात आडोशाची भाषा होती.

त्या काळी माझ्या नोट्स शहरात प्रसिद्ध होत्या. स्टेन्सिलवर मीच अक्षर काढायचो, सायक्लोस्टाईलच्या शाईचा वास पंधरा दिवस बोटांना राहायचा. निळं कव्हर असायचं, म्हणून मुलं त्यांना नीली किताब म्हणायची. दुसऱ्या शाळांतली मुलंही त्या मिळवायची. माझं एक वाक्य तर मुलं नक्कल करून म्हणायची: "काटो और आगे बढ़ो।" लाल खडूने वरचा अवयव आणि खालचा अवयव सपासप छेदायचा, आणि वळून हे म्हणायचं. वर्ग खूष व्हायचा. मीही व्हायचो.

नोट्समध्ये त्या गणिताखाली मी लिहिलं होतं, फलन फक्त उणे दोनवर खंडित आहे. घाईत लिहिलं असेन. नियम मला माहीत नव्हता असं नाही. पण काटण्याचा हात इतका बसला होता की काटलेल्याकडे मी पुन्हा बघितलंच नाही.

जानेवारीत, वर्गात तेच उदाहरण फळ्यावर सोडवलं तेव्हा शैला उभी राहिली.

"सर, कटने के बाद भी, पहले वाले में दो रखके देखिए। नीचे शून्य आता है।"

मी फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जो कट गया सो कट गया," मी म्हणालो. "अब क्या उसकी तेरहवीं करोगी?"

वर्ग खो खो हसला. पुढचे कित्येक दिवस मुलं तिला तेरहवीं, म्हणजे तेरावं, म्हणून हाक मारत होती, असं मला नंतर कळलं. तीही त्या दिवशी थोडी हसली. खाली बसली. वऱ्हांड्यात मला गाठायला आली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी सराव परीक्षा झाली. प्रश्न मीच काढला होता, तोच, पाच गुणांचा. शैलाने तो पूर्ण आणि नीट सोडवला. शून्य: तीन. खंडित: उणे दोन, आणि दोन. आलेख काढला, दोनच्या जागी पोकळ टिंब काढलं. आणि समासात, बाकी सगळी उत्तरपत्रिका हिंदीत असताना, बारीक अक्षरात मराठीत एक ओळ लिहिली: "सर, नोट्समध्ये इथे चूक आहे."

आज मला कळतं की ती ओळ मराठीत का होती. उत्तरपत्रिका शाळेतल्या दोन-तीन हातांतून जायच्या, आणि त्यांपैकी कुणाचीही नजर सहज पडून तिथेच थांबू नये असं तिने पाहिलं होतं. सतरा वर्षांच्या मुलीने मला सांभाळून घेतलं होतं. मला तेव्हा त्यात फक्त उद्धटपणा दिसला. घरातल्या भाषेत, घरातल्या माणसासारखं, मला माझी चूक सांगते म्हणजे काय. मी प्रश्नावर आडवी रेघ मारली आणि पाचपैकी शून्य दिलं. ज्या मुलाने माझ्या नोट्समधलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं होतं त्याला पाच दिले. तो पहिला आला. शैला दोन गुणांनी मागे राहिली.

त्याच रविवारी दुपारी गच्चीवर बायकोने बटाट्याचे पापड वाळत घातले होते आणि मी राखणीला बसलो होतो. हातात काही नव्हतं म्हणून पापडांच्या खालच्या वर्तमानपत्राच्या कडेला मी ते गणित मांडलं. दोनच्या जरा अलीकडे घेतलं, जरा पलीकडे घेतलं. मग दोन घेतलं. वर शून्य. खाली शून्य. ऊन डोक्यावर होतं. पापड उलटायचे राहिले, बायको येऊन ओरडली. मी वर्तमानपत्राचा तो कोपरा फाडून खिशात ठेवला. सोमवारी वर्गात जाऊन एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. मी तेव्हा पुढचा धडा काढला.

होळी त्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी इंगळे हवालदार आमच्या घरी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा होता, पण कानामागे हिरवा रंग राहिलेला होता. हातात उत्तरपत्रिकेची घडी. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर टेकले. बायकोने गुझिया, म्हणजे इथल्या होळीच्या करंज्या, आणि चहा आणून ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

"सर, मी फौजी माणूस. मला यातलं काही समजत नाही," ते म्हणाले. "पण पोरगी तीन दिवस धड जेवली नाही. म्हणते, मी सही आहे, सर चुकले. मी म्हटलं, थोबाड फोडीन. मग म्हटलं, आधी विचारून यावं."

मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"मी तिला शब्द दिला होता," ते पुढे म्हणाले. "गणितात पहिली आलीस तर कॉलेजचा फॉर्म भरीन. झाशीचं एक स्थळ थांबवून धरलंय त्यासाठी. आता नाही आली पहिली, त्याचं काही नाही. पण ती खोटं बोलते का, एवढं मला कळायला पाहिजे. तुम्ही म्हणाल ते खरं. खरं कोण आहे, सर?"

इतक्या सरळ कुणी मला आयुष्यात काही विचारलं नाही. वर्तमानपत्राचा तो कोपरा माझ्या पाकिटात होता. मी उत्तरपत्रिका उघडली, वाचल्यासारखं केलं, घडी घातली.

"चुकली आहे ती," मी म्हणालो. "हुशार आहे, पण आपलंच खरं करायची सवय आहे."

त्यांनी समासातल्या ओळीवर बोट ठेवलं. सगळ्या गणितात तेवढीच ओळ त्यांना समजत होती. "आणि हे? हेही तिनेच लिहिलंय?"

"हो."

ते उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "माफ करा, सर. तुम्हाला असं लिहावं असं आम्ही तिला शिकवलं नाही. मी बघतो." दारापर्यंत गेले आणि परत आले. "हे तुमच्याकडेच राहू द्या. घरी नेलं तर पुन्हा तेच सुरू होईल."

ते गेल्यावर बायको कप उचलता उचलता म्हणाली, "आवाज वेगळा निघाला तुमचा आज." मी म्हटलं, रंगाने घसा बसलाय.

मे महिन्यात शैलाचं लग्न झालं. आम्ही गेलो होतो. आहेर म्हणून स्टीलचा डबा दिला. तिने नवऱ्याबरोबर वाकून नमस्कार केला आणि मी आशीर्वाद दिला. कडक ऊन होतं, मांडवातली बर्फाची लादी बघता बघता वितळत होती. पुढच्या वर्षीच्या नोट्ससाठी स्टेन्सिल काढताना मी ती ओळ गुपचूप बदलली: फलन उणे दोन व दोनवर खंडित आहे. कुणालाही काही कळलं नाही. नीली किताब आणखी वीस वर्षं चालली.

मी असं का केलं याची कारणं मी स्वतःला बरीच सांगितली आहेत. बोर्डाची परीक्षा पंधरा दिवसांवर होती, मुलांचा गोंधळ उडाला असता. शाळेचं नाव होतं. ही सगळी कारणं मी मागाहून जमवली. वर्गाला मी तिच्यावर हसवलं होतं आणि आता तो वर्ग माझ्यावर हसला असता, हे एक खरं कारण. त्याहून वाईट कारण आणखी एक. ती हवालदाराची मुलगी होती. तीच ओळ माझ्या एखाद्या भाचीने लिहिली असती तर मी चारचौघांत कौतुकाने सांगत सुटलो असतो की पोरीने मामाला पकडलं.

मार्च येत राहिले. सायक्लोस्टाईल गेलं, फोटोकॉपी आली, खाली बसायच्या टाटपट्ट्या गेल्या, बाकं आली. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी फलक लावला, त्यावर माझं वाक्य लिहिलं होतं: काटो और आगे बढ़ो। मी त्याच्याखाली बसून हार घालून घेतले. दर वर्षी पानं गळायला लागली की ठरवायचो, यंदा मुरारला जायचं. मग कैऱ्या यायच्या, उन्हाळा पेटायचा, आणि मी म्हणायचो, आता पुढच्या वर्षी. बायकोला मी कधीच काही सांगितलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी, शेवटच्या दुखण्यात, ती आपणहून म्हणाली, "इंगळ्यांशी काय बोललात ते एकदा नीट करून या." मी हो म्हणालो. ती गेली, आणि त्यानंतरचेही चार मार्च मी तसेच घालवले.

मनूला "बरोबर आहे" म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रंकेतून ती उत्तरपत्रिका काढली. घडीवर कागद तपकिरी झाला होता. लाल पेनाने माझ्या शून्यावर काट मारली, शेजारी पाच लिहिले, सही केली. सूनबाईंकडून कळलं होतं की शैला नवऱ्यासह मुरारला परत आली आहे, वडिलांना बघायला कुणी नाही म्हणून. ई-रिक्षा केली. थाटीपुरहून मुरार किती लांब? रिक्षावाल्याने एक फोन केला, तो संपायच्या आत पोचलो.

दार शैलानेच उघडलं. केस पांढरे, गळ्यात शिवणकामाची टेप. मागे खोलीत मशीन आणि कपड्यांचे ढीग.

"या, सर," ती म्हणाली. जणू मी कालच येऊन गेलो होतो.

हवालदार पडवीत खाटेवर बसले होते. सत्त्याऐंशी वर्षांचे, पण पाठ ताठ, दाढी घोटलेली. मला पाहून उठायला लागले, मी खांदा धरून बसवलं. छावणीकडून बिगुल ऐकू येत होता. त्यांना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून जे मला हळू बोलायचं होतं ते मोठ्याने बोलावं लागलं.

"हवालदारसाहेब, सराव परीक्षेच्या वेळी तुम्ही मला विचारायला आला होतात. मी म्हणालो होतो, शैला चुकली आहे. ती चुकली नव्हती. मी चुकलो होतो. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते ठाऊक होतं."

शैला पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबली.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले. अगदी मायेने हसले. "सर, तुमचं मन मोठं."

"मन नाही. मी खोटं बोललो होतो."

"आमच्या पलटणीत एक सुभेदार होते," ते म्हणाले. "म्हातारपणी सगळ्यांची माफी मागत फिरायचे. ज्यांचं काही वाकडं केलं नाही त्यांचीसुद्धा. माझीही मागितली. मी त्यांना ओळखतही नव्हतो." आणि ते पुन्हा हसले.

मी उत्तरपत्रिका त्यांच्या मांडीवर उघडली. बोटाने दाखवलं. दोनचा वर्ग चार, त्यातून पाच दुणे दहा गेले, सहा मिळवले, किती? शून्य. खाली चारातून चार गेले, किती? शून्य. म्हणून दोनच्या जागी काही नाही, आणि शैलाने तेच दाखवलं होतं.

त्यांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "वर शून्य, खाली शून्य. आणि तुम्हीही शून्यच दिलं होतं. मग सही दिलं होतं की."

"नाही हो."

"सर, मी तेव्हा तुमचा चेहरा बघितला होता," ते म्हणाले, आता जरा कडक आवाजात. "तुम्ही कागद वाचलात, विचार केलात, मग बोललात. तेव्हा तुमचं डोकं ठिकाणावर होतं. आज तुम्ही आमच्या पोरीला बरं वाटावं म्हणून बोलताय. तुमचे उपकार आहेत. पण जे तेव्हा बोललात त्यावर मी तिचं लग्न लावलं. ते खोटं कसं असेल?"

मी शैलाकडे पाहिलं. वाटलं, ती तरी म्हणेल, बाबा, सर खरं सांगताहेत. तिने तांब्या ठेवला.

"बाबा, दुपारची गोळी राहिली," ती म्हणाली, आणि गोळी आणायला आत गेली.

मला सोडायला ती फाटकापर्यंत आली. तिथेही एक कडुनिंब होता, खाली पानांचा थर. मी उत्तरपत्रिका तिच्या हातात दिली. टेप बाजूला सारून ती वाचू लागली, वरून खाली, एकेक पायरी, ओठ हलवत. स्वतःचं अक्षर वाचताना माणूस असा थांबतो हे मी वर्गात हजारदा पाहिलं आहे.

"तुम्हाला कधी कळलं, सर?"

"पेपर तपासले त्याच रविवारी."

"म्हणजे बाबा तुमच्याकडे आले त्याच्या आधी."

"आधी."

तिने मान हलवली, एखादी पायरी पडताळून पाहावी तशी. "मला वाटायचं, तुम्हाला खरंच कळलं नसेल," ती म्हणाली. "झाशीत ब्लाऊज शिवता शिवता मी हेच धरून चालले. सरांना कळलं नसेल. माणूस चुकतो. ते बरं होतं."

मी सांगून मोकळा व्हायला आलो होतो आणि तिच्याजवळ जे एवढंसं उरलं होतं ते घेऊन चाललो होतो. माझ्या तोंडून माफ कर हे शब्द निघाले. तिने ते ऐकले की नाही कुणास ठाऊक. ती माझ्या नव्या लाल आकड्याकडे बघत होती.

"पाच?"

"हो."

"आलेख पेनाने काढलाय," ती म्हणाली. "पेनाने काढला की तुम्ही एक नंबर कापायचात. सगळ्यांचा कापायचात. चार होतात."

मी पाहिलं. खरंच निळ्या शाईचा आलेख होता. इतक्या वर्षांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

"चारही पुरले असते," ती म्हणाली.

मग तिने घडी जुन्याच रेघांवर घातली आणि कागद माझ्या हातात परत दिला. "हे तुमच्याकडेच राहू द्या. बाबांनी तुमच्याकडे ठेवायला दिलं होतं." आतून हवालदारांनी हाक मारली, शैले, सरांना चहा दिलास का. ती आत गेली.

काल मनूचा गणिताचा पेपर झाला. उन्हातून आली, दप्तर फेकलं, पाण्याची बाटली तोंडाला लावून म्हणाली, "आजोबा, तोच आला होता. मी होल दाखवला. पूरे नंबर मिळणार." मी तिला विचारलं, आलेख पेन्सिलीने काढलास ना? "अर्थात," ती म्हणाली, आणि झोपायला गेली. बाहेर वारा पडला होता. अंगणात पानं होती तिथेच होती.

नीली किताबच्या त्या वर्षाच्या प्रती अजून कुणाच्या माळ्यावर असतील तर त्यांनी काढून बघाव्यात. अंशात x² − 5x + 6, छेदात x² − 4. तिथे लिहिलेलं उत्तर चूक आहे. फलन दोनवरही खंडित आहे. ही चूक शैला इंगळे हिने दाखवली होती, पाचपैकी तिला चार मिळायला हवे होते, आणि ती त्या परीक्षेत पहिली आली होती. उत्तरपत्रिकेवर मी पाच खोडून चार केले आहेत आणि तिच्या समासातल्या ओळीखाली मराठीत "बरोबर" असं लिहून सही केली आहे. हे छापून आलं की शैला वडिलांना वाचून दाखवील की नाही, मला माहीत नाही. दाखवलं तरी ते काय म्हणतील ते माहीत आहे. सरांचं मन मोठं, म्हणतील. तेव्हा त्यांचं डोकं ठिकाणावर होतं.

हवालदार एवढं मात्र खरं बोलले. तेव्हा माझं डोकं अगदी ठिकाणावर होतं.